गावाचं ज्ञान आणि अभ्यासाचं इंग्रजी

मराठी माध्यमातल्या नववीच्या मुलांना ‘माय व्हिलेज’वर दहा ओळी लिहायला सांगितल्या, की राज्यात कुठेही साधारण एकच निबंध हाती येतो. गावाचं नाव, मग देऊळ, मग नदी, लोक कष्टाळू आहेत, सगळे सण आनंदात साजरे होतात, मला माझं गाव फार आवडतं. व्याकरण बहुतेक बरोबर असतं, मार्कही मिळतात. पण गावाचं नाव झाकलं तर निबंध सांगलीकडच्या मुलानं लिहिला की साक्रीकडच्या, हे सांगता येत नाही. त्याच मुलाला शाळा सुटल्यावर मराठीत विचारा, की तुमच्याकडे पाण्याची पाळी कशी ठरते, किंवा चाळीतला कांदा गेल्या वर्षी का सडला. तो पाव तास बोलतो. कारणं देतो, दोन वर्षांची तुलना करतो, ‘आमचे काका असं म्हणतात, पण मला ते पटत नाही’ असंही सांगतो. युक्तिवाद त्याच्याकडे आहे, माहिती आहे, शंका आहे. इंग्रजीच्या वहीत यातलं काहीही उतरत नाही. आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी लिहिलेलं हे पुस्तक या एका अडचणीभोवती उभं आहे.

अभ्यासाचं इंग्रजी म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. दुकानात, बसमध्ये, ओळख करून देताना लागतं ते इंग्रजी वेगळं आणि विज्ञानाचा धडा वाचायला, प्रयोगाचा निष्कर्ष लिहायला, दोन मतांची तुलना करायला लागतं ते वेगळं. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा फरक स्पष्टपणे मांडला. दुसऱ्या देशातून आलेली मुलं साधारण दोन वर्षांत चटपटीत बोलायला लागतात, शिक्षकांना वाटतं आता यांना भाषा आली. पण अभ्यासाच्या भाषेत वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीला यायला त्यांना पाच ते सात वर्षं लागतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांच्यासमोर होती ती स्थलांतरितांची मुलं, ज्यांच्या अवतीभवती दिवसभर इंग्रजीच होतं.

आपल्याकडे स्थिती उलटी आहे. आपल्या खेड्यातल्या मुलाच्या कानावर इंग्रजी तासापुरतंच पडतं. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. पुढे अनेक शाळांत सेमी इंग्रजीचे वर्ग निघाले आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून सुरू झालं. पूर्ण मराठी माध्यमातून आलेलं मूल अकरावीत विज्ञान शाखेला गेलं, की एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तकांसमोर उभं राहतं. दहावीला भौतिकशास्त्राच्या संकल्पना उत्तम समजलेली मुलगी अकरावीच्या पहिल्या चाचणीत गप्प होते, हे ज्या शिक्षकांनी पाहिलं आहे त्यांना आकडे सांगायची गरज नाही. तरीही एक आकडा नोंदवते. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत, देशातल्या निवडक ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता आली आणि त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांना वाचलेल्याचा अर्थ सांगता आला. पाहणीतली ही वाक्यं अगदी सोपी, रोजच्या व्यवहारातली असतात. अकरावीच्या जीवशास्त्रातलं एक वाक्य तीन-तीन ओळींचं असतं.

यावर समाजानं शोधलेला उपाय म्हणजे स्पोकन इंग्लिशचे क्लास. आधी बोलायला येऊ दे, मग वाचणं-लिहिणं आपोआप येईल, अशी समजूत आहे. मला ती चुकीची वाटते आणि गरीब घरच्या मुलांसाठी तर नुकसानीची. बोलीभाषेतलं इंग्रजी यायला लागणारं वातावरण त्या मुलांना मिळत नाही; ते मिळेपर्यंत अभ्यासाचं इंग्रजी थांबवून ठेवलं तर दहावी निघून जाते. उलट विचार करण्याची, मांडणी करण्याची ताकद चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडे स्वतःच्या भाषेत आलेली असते. तिचा हात धरून अभ्यासाचं इंग्रजी थेट शिकवता येतं. अडचण एवढीच, की त्यासाठी मुलाकडे सांगण्यासारखं काहीतरी असावं लागतं, आणि वाचणाऱ्याला ते आधी माहीत नसावं लागतं. दिवाळीवरच्या निबंधात शिक्षकाला माहीत नसलेलं काय असणार?

इथे गावाचं ज्ञान येतं. मी ‘संस्कृती’ हा शब्द या पुस्तकात जपून वापरला आहे, कारण शाळेत तो उच्चारला की लगेच नऊवारी, लेझीम आणि स्नेहसंमेलन समोर येतं. लेझीम मलाही आवडतं. पण पाणी कसं वाटलं जातं, धान्य कसं टिकवलं जातं, घर कुठल्या मातीचं आणि का, जत्रेचा मान कुणाकडे आणि कधीपासून, डोंगरातलं कुठलं पान कुठल्या महिन्यात भाजीला चालतं, ही संस्कृती आहे आणि तिच्यात कारण-परिणाम, वर्गीकरण, क्रम, पुरावा, मतभेद सगळं भरलेलं आहे. अभ्यासाच्या इंग्रजीला नेमकं हेच हवं असतं.

आपल्या मातीतलं ज्ञान अभ्यासाच्या इंग्रजीत मांडणं ही काही नवी कल्पना नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. त्याची बांधणी शिक्षकांनी मुद्दाम पाहावी. आधी सेनार, नेसफिल्ड, रिस्ली आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या व्याख्या समोर ठेवल्या आहेत, प्रत्येकीत काय उणं आहे ते दाखवलं आहे, मग स्वतःचं म्हणणं मांडून ते टप्प्याटप्प्यानं सिद्ध करत नेलं आहे. ज्या जातिव्यवस्थेनं त्यांना शाळेत वेगळं, कोपऱ्यात बसवलं, तिच्याविषयीचा हा निबंध संपूर्णपणे शांत, तर्काच्या भाषेत आहे. इरावती कर्व्यांनी पंढरीच्या वारीत चालून जो लेख मराठीत लिहिला, तो १९६२ मध्ये इंग्रजीत अमेरिकेतल्या एका विद्वन्मान्य नियतकालिकात आला आणि परदेशी अभ्यासकांना वारी आतून दिसली. त्याच वर्षी दामोदर कोसंबींचं ‘मिथ अँड रिअॅलिटी’ निघालं. गोव्यात कोसबें इथे जन्मलेले कोसंबी गणिताचे प्राध्यापक होते, पण पुण्याच्या आसपासची म्हसोबाची, देवींची ठाणी त्यांनी पायी हिंडून पाहिली, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारलं आणि त्या माहितीवर इतिहासाची नवी मांडणी केली. शेंदूर लावलेल्या दगडाविषयी इतक्या गंभीरपणे इंग्रजीत लिहिता येतं, हे नववीच्या मुलाला कुणीतरी सांगायला हवं.

इंग्रजी आलं की आपलं जातं, अशी भीती बाळगणाऱ्यांचाही या पुस्तकाला विरोध होईल, असं मला सांगितलं गेलं आहे. त्यांची काळजी मी समजू शकते. मराठी शाळा बंद पडताना पाहणाऱ्या माणसाला ती वाटणारच. पण इंग्रजीची मागणी आजची, इंग्रजी शाळांच्या जाहिरातींनी निर्माण केलेली नाही. सावित्रीबाई फुल्यांच्या ‘काव्यफुले’ या १८५४ सालच्या संग्रहात इंग्रजी शिका असं सांगणारी कविता आहे, आणि ती कुणासाठी होती हेही त्यात स्पष्ट आहे. ज्यांना ज्ञान नाकारलं गेलं त्यांनी ही मागणी केली. ती मागणी मान्य करूनच मराठीचा विचार करावा लागेल.

आता एक धडा जवळून पाहू. सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर आहे. हळद साठवण्यासाठी इथे जमिनीत पेवं खणलेली आहेत. तोंड अरुंद, खाली पोट मोठं, पंधरा-वीस फूट खोल. हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. इथली माती ढासळत नाही आणि ओल धरत नाही, असं गावकरी सांगतात. अशा पेवात हळद वर्षानुवर्षं टिकत असे. पेव उघडलं तरी कुणी लगेच आत उतरत नाही. आतली हवा बदलेपर्यंत थांबतात. २००५ च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं आणि मोठं नुकसान झालं. गोदामं आणि शीतगृहं आल्यावर पेवांचा वापर आणखी मागे पडला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या साठवणुकीचाही उल्लेख होतो.

हा विषय नववीच्या एका वर्गात घेतला जात असताना मी मागच्या बाकावर बसले होते. मुलांनी घरोघरी विचारून मराठीत टिपणं आणली होती. सरांनी फळ्यावर तीन रकाने आखले: काय होतं, का होतं, आणि हे आपल्याला कुणी सांगितलं. एक मुलगी उठून म्हणाली, “आत हवा नसते, म्हणून कीड मरते.”

“हे कुणी सांगितलं?”

“आजोबांनी, सर.”

“आजोबांनी कीड मरताना पाहिली?”

वर्ग विचारात पडला. मुलगी म्हणाली, “नाही. हळद बाहेर काढली तेव्हा कीड नव्हती, एवढं पाहिलं.”

मागून एक मुलगा म्हणाला, की विज्ञानाच्या पुस्तकात श्वसनाला ऑक्सिजन लागतो असं दिलंय, तेव्हा आजोबांचं बरोबर असणार. सरांनी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहिल्या आणि मग पहिल्यांदा इंग्रजी फळ्यावर आलं. ‘अकॉर्डिंग टू द फार्मर्स, नो इन्सेक्ट्स वेअर फाउंड इन द स्टोअर्ड टर्मरिक. धिस मे बी बिकॉज देअर इज लिटल ऑक्सिजन इनसाइड द पिट.’ या मुलांना ‘मे’ ओळखीचा होता तो फक्त ‘मे आय कम इन, सर?’मधला. तो परवानगीपुरता नसतो, आपल्याला जितकी खात्री आहे तितकंच म्हणायला तो लागतो, हे त्या तासाला त्यांना कळलं. ‘अकॉर्डिंग टू’ही तसंच. पाठ करायला दिलेल्या वाक्प्रचारांच्या यादीत तो कधीच आला असेल, पण आजोबांचं पाहणं आणि पुस्तकातलं कारण यांच्यात फरक करायची वेळ आली तेव्हा तो कामाला आला. पुढच्या तासाला मुलांनी हळदीच्या प्रवासाचा तक्ता काढला आणि तक्त्यावरून परिच्छेद लिहिला. मराठी माध्यमाच्या दहावीच्या तृतीय भाषेच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत माहितीचं रूपांतर करण्याचा जो प्रश्न येतो, त्याचीच ही तयारी. परीक्षेचं काय, हा प्रश्न शिक्षक विचारतील आणि त्यांनी तो विचारायलाच हवा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पत्र, बातमी, भाषण, मत-प्रतिमत यांपैकी कुठला प्रश्नप्रकार त्यातून सुटतो ते म्हणूनच दिलं आहे.

त्या सरांनी जे केलं त्याला शिक्षणशास्त्रात आधार आहे. १९८० च्या दशकात सिडनीतल्या गरीब वस्त्यांमधल्या शाळांत जे. आर. मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेखन शिकवण्याची एक पद्धत उभी केली. आधी त्या प्रकारचा तयार उतारा उलगडून पाहायचा, मग शिक्षक आणि मुलांनी मिळून फळ्यावर एक लिहायचा आणि त्यानंतरच मुलानं एकट्यानं लिहायचं. आपल्या वर्गांत पहिली पायरी असते, तिसरी असते, मधली गळालेली असते. धडा वाचला, आता निबंध लिहून आणा. मिळून लिहिण्याला वेळ लागतो आणि अभ्यासक्रम मागे पडतो, हे खरं आहे. पण सत्रात तीन-चार वेळा तरी हे करावंच, असा माझा आग्रह आहे. दुसरा आधार अॅरिझोनातला. लुईस मोल आणि त्यांच्या गटानं तिथल्या शिक्षकांना मेक्सिकन कुटुंबांच्या घरी पाठवलं, शिकवायला नव्हे, शिकून घ्यायला. शेती, बांधकाम, औषधी वनस्पती, व्यापार यांचं केवढं ज्ञान त्या घरांत होतं, आणि शाळेला त्याचा पत्ता नव्हता, हे त्यांच्या १९९२ च्या लेखात मांडलं आहे.

पहिली टिपणं मराठीत, हा या पुस्तकातला ठाम नियम आहे. तो वाचताना नंदुरबार, मेळघाट आणि गडचिरोलीतल्या शिक्षकांनी ‘मराठीत’च्या जागी ‘मुलाच्या भाषेत’ असं वाचावं. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलासाठी मराठी हीच शाळेत भेटलेली भाषा असते. कोरकू तर मुंडा कुळातली, गोंडी आणि कोलामी द्राविडी. मराठीशी त्यांचं कुळही जुळत नाही. या मुलांना दोन वेळा पूल ओलांडावा लागतो आणि आपण निकाल लावताना दुसऱ्याच पुलावर त्यांना मोजतो. जिथे शिक्षकाला मुलांची भाषा येत नाही तिथे वर्गातल्या मुलांनी आपसात आपल्या भाषेत चर्चा करावी, शिक्षकानं थांबावं. ही शांतता अनेकांना अवघड जाते. गोव्यातली अनेक मुलंही मराठी किंवा कोकणीत प्राथमिक शिक्षण घेऊन पाचवीत बहुधा इंग्रजी माध्यमात जातात. खाजन शेतीवरचं प्रकरण त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. भरतीचं खारं पाणी अडवणारा बांध आणि पाणी आत-बाहेर सोडणारी मानस यांचं वर्णन म्हणजे यंत्राचं कार्य समजावून देणाऱ्या इंग्रजीचा उत्तम सराव आहे.

गावाविषयी अभिमानानं लिहायला शिकवणं सोपं आहे. गावाविषयी खरं लिहायला शिकवणं अवघड आहे, आणि अभ्यासाच्या इंग्रजीचं एक व्याकरण इथे वाट चुकवू शकतं. ते म्हणजे कर्मणी प्रयोग. ‘द पिट्स वेअर डग’, पेवं खणली गेली. कुणी खणली? वाक्य विचारत नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या खोऱ्यात शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटावर शेतांचे मोठे फड, आणि दरवर्षी कुठल्या फडात कुठलं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखण करायला जागल्या. सामुदायिक व्यवस्थेचा नमुना म्हणून तिचं कौतुक जगभर झालं आहे आणि ते योग्यच आहे. पण ‘वॉटर इज डिस्ट्रिब्यूटेड’ असं लिहून झाल्यावर मुलांनी विचारायला हवं, की पाटकऱ्याला काय मिळायचं, जागल्या कुठल्या घरातला असायचा, ज्याला फडात जमीन नव्हती त्याला पाणी मिळायचं का. इरावतीबाईंनी वारीतल्या भक्तीबद्दल जितक्या आपुलकीनं लिहिलं, तितक्याच स्पष्टपणे तिथली जातवार वेगळी जेवणंही नोंदवली. कर्मणी वाक्य शिकवल्याच्या दिवशीच त्यातला हरवलेला कर्ता शोधायचा गृहपाठ द्यावा. व्याकरण पक्कं होण्याचा यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही, आणि ज्या मुलाचे आजोबा-पणजोबा त्या वाक्यातून गळालेले आहेत त्याला आपल्या घराची गोष्ट लिहायला जागा मिळते.

याच कारणानं एक खबरदारी सांगते. ज्या घरातून माहिती घेतली त्या घरी इंग्रजी परिच्छेद मराठीत वाचून दाखवायचा, आणि ते ‘हे नको’ म्हणाले तर ते काढायचं. ऊसतोडीच्या कुटुंबातल्या, भटक्या-विमुक्तांच्या मुलांना ‘माझ्या घराचं ज्ञान’ या विषयावर सगळ्यांसमोर बोलायला लावू नये. त्यांना बोलायचं असेल तर ती आपणहून बोलतात, आणि मग खूप बोलतात.

वापराविषयी थोडं. पुस्तकातली प्रकरणं क्रमानं घ्यायची गरज नाही, पण ‘कुणी सांगितलं’ हा तिसरा रकाना शिकवणारं दुसरं प्रकरण सोडू नये, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्मार्ट बोर्ड लागत नाही. फळा, वही आणि घरी असेल तर एक रेकॉर्डिंग करणारा फोन पुरतो. शब्दांच्या याद्या शेवटी दिल्या आहेत, त्या पाठ करून घेऊ नयेत, लिहिताना अडलं की उघडाव्यात. स्थानिक नाव आहे तसंच इंग्रजी वाक्यात घ्यावं आणि पहिल्यांदा येईल तेव्हा एका वाक्यात त्याची व्याख्या द्यावी. हरिपूर, पांझरा, खाजन ही प्रकरणं म्हणजे नमुने आहेत. विदर्भातल्या शिक्षकानं हळदीचं प्रकरण जसंच्या तसं वर्गात नेलं तर तिथल्या मुलांसाठी तोही पुस्तकातला परकाच धडा होईल. मालगुजारांनी बांधलेले जुने तलाव भंडारा-गोंदियात आजही आहेत, येवल्यात हातमाग आहेत, कोकणात प्रत्येक वाडीला पाण्याची वेगळी तऱ्हा आहे. विषय जूनमध्ये ठरवावा, मुलाखतींचे प्रश्न गणपतीच्या आधी वर्गात मिळून तयार करावेत आणि मुलाखती दिवाळीच्या सुट्टीत घ्याव्यात. तेव्हा बाहेरगावी गेलेली माणसं घरी असतात आणि मुलांनाही वेळ असतो. इंग्रजी लिहायला सुरुवात नोव्हेंबरात केली तर पूर्वपरीक्षेआधी दोन मसुदे नीट होतात.